रामाचा दिवस, कृष्णाची रात्र : मांगावरचा मोबाइल खेळ आणि सावंतवाडीची गंजिफा

#थ्रेड #इतिहास

१/ सर्वांना ठाऊक असलेली कथा घ्यायची, तिच्यातील पात्रांना बळ आणि दर्जा वाटून द्यायचा आणि खेळाडूंनी ती पात्रे पाळीपाळीने उतरवायची, ही जपानी मांगावरून बेतलेल्या मोबाइल खेळांची रीत. ती अगदी आजची वाटते. परंतु हीच रीत कोकणातील एका संस्थानात हाताने रंगवलेल्या गोल पानांवर कितीतरी आधी रुजली होती. या दोन खेळांचे नियम शेजारी ठेवून वाचले की इतिहासाचा एक दुर्लक्षित पुरावा हाती लागतो.

२/ प्रथम ‘पाळी’ म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. नागपूरच्या कळमना भागात कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आहे. हंगामात तेथे संत्र्यांचा लिलाव होतो. लिलावात कोणाचीच पाळी नसते. जो वेळेवर बोली वाढवील त्याचा माल. विचार करत थांबला तो मागे पडला. पाळीच्या खेळात नेमके उलट घडते. खेळाडू कितीही चपळ असो, आपली चाल झाली की त्याला थांबावेच लागते.

३/ त्यामुळे अशा खेळात वेगाला किंमत कमी आणि स्मरण, अंदाज व संयम यांना अधिक. बुद्धिबळ, सोंगट्या, पत्ते हे सगळे याच घराण्यातले. हे घराणे संगणकावर नांदू लागले तेव्हा मांगाशी त्याचे नाते लवकरच जुळले. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळातील पात्रे ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामा यांनी रेखाटली होती. त्यातील लढाई पाळीने चाले. खेळाडू हल्ला, मंत्र, पलायन अशा पर्यायांतून एक निवडी आणि मग परिणाम पाही.

४/ मोबाइलवरील एक ठळक नमुना म्हणजे ‘वन पीस ट्रेझर क्रूझ’. एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही मांगा १९९७ पासून ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात प्रसिद्ध होत आली आहे. रबरासारखा ताणला जाणारा लुफी नावाचा पोरगा, त्याचे जहाज, त्याचे सोबती आणि समुद्रभर पसरलेले साहस अशी ती कथा. २०१४ मध्ये बंदाई नामको कंपनीने तिच्यावरून हा खेळ जपानमध्ये आणला. एवढी लांबलचक कथा नियमांत कशी बसवली, हे पाहण्यासारखे आहे.

५/ खेळाडू सहा जणांची तुकडी उभी करतो. एक कप्तान, चार सोबती आणि सहावा दुसऱ्या एखाद्या खेळाडूकडून उसना घेतलेला कप्तान. आपल्या पाळीत हे सहाही जण एकामागून एक वार करतात. समोरच्या प्रत्येक शत्रूवर एक आकडा असतो. तितक्या पाळ्या गेल्या की तो उलटा वार करणार. प्रत्येक पाळीला आकडा एकाने उतरतो. त्यामुळे मोठ्या शत्रूला आधी पाडायचे की ज्याचा आकडा एकावर आला आहे त्याला, हा निर्णय खेळाचा गाभा ठरतो.

६/ प्रत्येक पात्राचा एक प्रकार ठरलेला असतो. असे पाच प्रकार आहेत. बळ कौशल्यावर भारी, कौशल्य गतीवर भारी आणि गती पुन्हा बळावर भारी, असे तिघांचे एक चक्र. उरलेले दोन मनाचे आणि बुद्धीचे; ते एकमेकांवर भारी. म्हणजे कोणतेही पात्र सर्वांवर मात करणारे नाही. ‘दगड, कागद, कात्री’ हा लहान मुलांचा खेळ जपानमध्ये ‘जानकेन’ म्हणून घरोघरी खेळला जातो. वरील चक्र त्याच जातीचे आहे.

७/ कप्तानाच्या गुणामुळे तुकडीचे बळ वाढते. सोबत्यांची खास अस्त्रे ठरावीक पाळ्या उलटल्यावरच वापरता येतात. मांगातील मैत्री, शपथ, त्याग या गोष्टी येथे गुणाकारात उतरतात. आणखी गंमत अशी की कथेतील लुफी एकच आहे. खेळातील लुफी मात्र अनेक आहेत. वेगवेगळ्या प्रसंगांतील त्याची रूपे स्वतंत्र पात्रे म्हणून येतात आणि त्यांचे प्रकारही वेगळे असू शकतात.

८/ यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा खेळात नावे आणि चित्रे कथेतून येतात. नियम मात्र बहुधा दुसरीकडून, खेळांच्या जुन्या परंपरेतून येतात. कथा हे वस्त्र, नियम हा देह. वस्त्र बदलले तरी देह तोच राहू शकतो. ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात कोठे घडली, हे शोधायचे तर विदर्भातून निघून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीला जावे लागते.

९/ सावंतवाडी हे सावंत भोसल्यांचे संस्थान. लाकडी खेळण्यांबरोबरच हे गाव गंजिफेसाठी ओळखले जाते. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. कागदाचे वा कापडाचे थर, चिंचोक्याची खळ, वर रंग आणि लाखेचा लेप अशा घडणीतून एकेक पान तयार होई. चितारी कुटुंबांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

१०/ या खेळाचे मूळ मात्र कोकणातले नाही. ‘गंजिफा’ हा शब्दच फारसीतून आला. बाबराने आपल्या आत्मवृत्तात १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन याला गंजिफेची पाने पाठवल्याची नोंद केली आहे, कारण शाह हसनला या खेळाची आवड होती. भारतातील गंजिफेचा हा फार जुना आणि निश्चित तारखेचा उल्लेख. म्हणजे पानिपतच्या पहिल्या लढाईनंतर अवघ्या वर्षभरातला.

११/ पुढे अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त गंजिफेचे तपशीलवार वर्णन केले. त्यात बारा रंगांच्या जुन्या संचाची माहिती आहे. (‘रंग’ म्हणजे आपल्या पत्त्यांतील इस्पिक, बदाम यांसारखा गट.) अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी त्या रंगांची नावे. प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १४४. घोडदळाचा स्वामी, हत्तींचा स्वामी, गडांचा स्वामी, खजिन्याचा स्वामी... ही यादी वाचताना एखाद्या राज्याचा कारभारच पानांवर मांडल्यासारखा दिसतो.

१२/ मोगल काळात जो संच सर्वदूर गेला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश ही त्याच्या रंगांची नावे. मुकुट, चांदीचे नाणे, तलवार, सेवक, वाद्य, सोन्याचे नाणे, दस्तऐवज आणि व्यापारी माल. येथेही कथा दरबाराचीच आहे. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा अशी आकड्यांची पाने.

१३/ या संचाचा एक विलक्षण नियम असा. ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम या चार रंगांत राजा व वजीर यांच्या खालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या चार रंगांत क्रम उलटा. तेथे राजा-वजिरानंतर एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत क्षुद्र. म्हणजे हातात दश्शी आली म्हणून आनंद मानायचा की दुःख, हे तिचा रंग पाहिल्याशिवाय ठरत नाही.

१४/ आता दशावतारी गंजिफा पाहावी. रंग दहा : मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. प्रत्येक अवताराची खूण वेगळी. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. सात मासे दिसले की ते मत्स्याचे सातवे पान. अक्षरओळख नसलेल्यालाही ते वाचता येते. दरबार गेला आणि त्याच्या जागी पुराण आले.

१५/ आणि नियम? प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी पाने. दहा रंगांची मिळून १२०. पाच रंगांत आकड्यांचा क्रम सरळ, पाच रंगांत उलटा. अगदी मोगल संचासारखाच. विष्णूच्या दहा अवतारांपैकी पाचांचे एक्के मोठे आणि पाचांच्या दश्शा मोठ्या असण्याला कोणत्याही पुराणात आधार सापडणार नाही. तो आधार पुराणात नाहीच. तो जुन्या खेळात आहे.

१६/ यापेक्षाही बोलका नियम उतारीचा आहे. पहिले पान कोणी टाकायचे? मोगल गंजिफेत दिवसा खेळ मांडला असेल तर सुर्खाचा, म्हणजे सोन्याच्या नाण्याचा, राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची. रात्री खेळ असेल तर सफेदच्या, म्हणजे चांदीच्या नाण्याच्या, राजाने. सोने सूर्याचे, चांदी चंद्राची. नियम खेळाच्या वेळेशी जोडलेला आहे.

१७/ दशावतारी गंजिफेत हाच नियम असा झाला : दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची. राम सूर्यवंशातला. कृष्ण यदुकुळातला, म्हणजे चंद्रवंशातला. जुन्या नियमातील सूर्य आणि चंद्र यांच्या जागा नव्या कथेतील दोन पात्रांनी किती नेमक्या घेतल्या, हे पाहून त्या अनाम रूपांतरकाराला दाद द्यावीशी वाटते.

१८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थांबावे लागते. केवळ चित्रे पाहिली तर सावंतवाडीची पाने ही निखळ वैष्णव कला भासते. केवळ ‘गंजिफा’ हे नाव पाहिले तर ती निखळ परकी वस्तू भासते. नियम वाचले की दोन्ही समजुती अपुऱ्या पडतात. फारसी खेळाचा सांगाडा आणि मराठी मुलखात रुजलेली दशावताराची कथा यांचा तेथे मिलाफ झालेला आहे, आणि त्याचा पुरावा उलट्या क्रमात व दिवस-रात्रीच्या उतारीत सुरक्षित आहे.

१९/ खेळ प्रत्यक्षात कसा रंगे? बहुधा तिघे बसत. गोल पाने आपल्या पत्त्यांसारखी सहज पिसता येत नाहीत. ती पालथी पसरून कालवावी लागतात. १२० पाने तिघांत वाटली की प्रत्येकी ४०. उतारी झालेल्या रंगातील सर्वांत मोठे पान ज्याचे, त्याचा हात. हात जिंकणाऱ्याने पुढची उतारी करायची. हुकमाचा वेगळा रंग नाही. त्यामुळे छोट्या हुकमाने दुसऱ्याचा राजा मारण्याची सोय नाही.

२०/ मग कौशल्य कशात? स्मरणात. समजा, एखाद्या सरळ रंगातील राजा, प्रधान आणि दश्शी पडून गेली. आता त्या रंगातील नव्वी हीच राणीव मिरवते. उलट्या रंगात तेच तिघे, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्का, गेले तर दुर्री श्रेष्ठ. दहा रंगांत या क्षणी कोणते पान सर्वांत मोठे आहे, हे ज्याला आठवते त्याच्या हातातील साधी पानेही जिंकू लागतात. आपल्या ४० पानांखेरीज उरलेली ८० पाने मनात जागी ठेवायची, असा हा खेळ.

२१/ ‘ट्रेझर क्रूझ’मध्ये शत्रूवरचा आकडा पडद्यावर दिसतो. कोणाचा वार किती पाळ्यांनी होणार, हे यंत्र लक्षात ठेवते. गंजिफेत ते काम खेळाडूचे डोके करी. दोन्ही खेळ पाळीचे, दोन्हींत पुढच्या चालीचा हिशेब. पण हिशेबाची वही एकीकडे यंत्राकडे आणि दुसरीकडे माणसाकडे. या फरकाचे महत्त्व थोड्या वेळाने अधिक स्पष्ट होईल.

२२/ दुसरा मोठा फरक नशिबाच्या जागेचा. मराठी परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते त्या मोक्षपटात, म्हणजे आजच्या सापशिडीच्या पूर्वजात, सर्व काही दानावर अवलंबून. गंजिफेत नशीब पाने वाटण्यापुरते. एकदा वाटप झाले की पुढचे सारे खेळाडूच्या हाती. शिवाय संच सर्वांचा मिळून एकच असतो. आज ज्याच्याकडे रामाचा राजा आला, त्याच्याकडे पुढच्या डावात येईलच असे नाही.

२३/ ही ‘सर्वांचा संच एक’ची कल्पना १९९३ मध्ये अमेरिकेत मोडली. रिचर्ड गारफील्ड यांच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात प्रत्येकाने आपापली पाने विकत घ्यायची आणि आपला संच आपण बांधायचा. बंद पाकिटात कोणते पान निघेल हे ठाऊक नसे. नशीब डावातून दुकानात गेले. ज्याच्याकडे अधिक पाने, त्याच्यापुढे अधिक वाटा.

२४/ मांगावरच्या मोबाइल खेळांनी हीच वाट धरली. नाव मिळाले ‘गाचा’. जपानमध्ये नाणे टाकून कळ फिरवली की बंद गोळीत एखादे खेळणे देणारी यंत्रे असतात. त्यावरून हा शब्द आला. खेळातील रत्ने खर्च करायची आणि कोणते पात्र हाती येते ते पाहायचे. रत्ने खेळून मिळतात, तशी पैसे देऊनही मिळतात. दुर्मीळ पात्र क्वचितच निघते.

२५/ याची हद्द कोठे असावी, हा प्रश्न जपानी सरकारपुढेही आला. ठरावीक पात्रांचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस, अशा ‘कॉम्प गाचा’ पद्धतीत शेवटच्या एका पात्रासाठी लोक पैसे ओतत राहत. मे २०१२ मध्ये तेथील ग्राहक व्यवहार संस्थेने ही पद्धत बेकायदेशीर ठरते असे स्पष्ट केले आणि कंपन्यांनी ती मागे घेतली. साधा गाचा मात्र चालू राहिला.

२६/ गंजिफा निष्पाप होती असे मानण्याचे कारण नाही; पत्ते आणि पैज यांची सोबत जुनीच आहे. पण पैज लागली तरी ती डावावर लागे. रामाचा राजा हाती यावा म्हणून वाटप करणाऱ्याला पैसे मोजण्याची सोय नियमांत नव्हती. खेळाचा नियम आणि खेळाचा बाजार यांच्यात तेव्हा एक भिंत होती. आज नियमच बाजाराने लिहिलेला असू शकतो.

२७/ आता मूळ प्रश्नाकडे : या खेळांतील टिकते काय आणि जाते काय? युरोपीय पद्धतीचे, यंत्रावर छापलेले ५२ पानांचे स्वस्त पत्ते आले आणि हाताने रंगवलेली गंजिफा मागे पडली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागिरांना जागा व काम देऊन ही कला पुन्हा उभी केली. त्यांच्या प्रयत्नांविना ही पाने कदाचित केवळ संग्रहालयांत उरली असती.

२८/ चित्रे वाचली. खेळाचे तसे झाले नाही. आज गंजिफेचे संच मुख्यतः संग्रहासाठी, भेट देण्यासाठी, भिंतीवर लावण्यासाठी घेतले जातात. पान रंगवणारा हात शिकवता येतो, कारण पान समोर दिसते. नियम मात्र खेळणाऱ्यांच्या डोक्यात असतो. मांडी घालून तिघे बसेनासे झाले की तो हळूहळू विरतो. कोणताही दंगा, आग वा पूर न येता एक पुरावा नाहीसा होतो.

२९/ मोबाइल खेळांची गत याहून नाजूक आहे. ‘नारुतो’ या मांगावरून बेतलेला ‘अल्टिमेट निंजा ब्लेझिंग’ हा पाळीचा खेळ २०१६ मध्ये आला आणि २०२१ मध्ये कंपनीने त्याची सेवा बंद केली. खेळाडूंनी वर्षानुवर्षे जमवलेली पात्रे एका दिवसात निरुपयोगी झाली. हिशेबाची वही यंत्राकडे असण्याचा अर्थ येथे कळतो. सर्व्हर थांबला की नियम चालवणारा कोणीच उरत नाही. गंजिफेची पाने दोनशे वर्षांनीही पसरून बसता येते. बंद झालेल्या सर्व्हरभोवती बसता येत नाही.

३०/ म्हणून खेळांचा इतिहास लिहिताना चित्रांइतकेच नियम जपणे आवश्यक आहे. हे काम कोणत्याही जिल्ह्यात, कळमन्यातही, आज सुरू करता येते. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, तीनशे चार हे खेळ मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगत आले आणि त्यांचे नियम घरागणिक थोडे बदलतात. तो थोडासा फरकच इतिहासकाराच्या उपयोगाचा असतो.

३१/ नोंद करताना पाच गोष्टी पुरतात : किती जण बसतात, पाने कशी व किती वाटतात, पहिली उतारी कोणाची आणि का, कोणते पान कोणावर भारी, आणि हार-जीत कशी मोजतात. यांपैकी तिसऱ्या प्रश्नातील ‘का’ सोडू नये. आजी-आजोबा ‘असंच असतं’ म्हणाले तर तेही जसेच्या तसे लिहावे. दिवसा राम आणि रात्री कृष्ण का, याचे उत्तर बाबराच्या काळातून आलेल्या खेळाकडे बोट दाखवते, हे अशाच एका ‘का’मुळे उमगते.